माग मागितला, सूत मागायचं ऱ्हायलं

माजं नाव तानूबाई, म्हायेर पलूसकडलं, काळ्या रानातलं, तितं मळ्याला पाणी, ऊस, हळद, आन् दिलं कुटं तर ह्या म्हसवडात, जितं ढगाकडं बघून बघून माणसाची मान आकडती. बा म्हणला, घर कष्टाळू हाय, घोंगड्याचा माग हाय, पोरगी उपाशी मरायची न्हाई. न्हाईच मेले बगा. आवं दादा, तुमी माग बगितला न्हाई म्हणताय म्हणून सांगते, भुईत खड्डा असतोय, इणणारा त्येच्यात पाय सोडून बसतोय, म्होरं लोकरीचा ताणा, म्हंजी उबं धागं, अंगणभर वढलेला. बाप्यानं इणायचं, बाईनं लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, चिंचुक्याची खळ शिजवून ताण्याला द्यायची. त्या खळीचा वास, काय सांगू तुमाला, पयल्या वरसाला मला भाकरी गोड लागंना, आन् आता त्यो वास न्हाई आला तर घर मोकळं मोकळं वाटतंय.

तर आमचं मालक. सभावानं लय चांगलं, पर बोलाय लागलं की समदं लयच. औंदा लय माल काडायचा, लय बाजार करायचं, धंदा लय वाडवायचा. दर साली ह्येच, आन् दर साली माग त्यो येकच. सासूला आमी आत्याबाई म्हणायचो, तिनं येकदा चुलीम्होरनंच इचारलं, लय म्हंजी किती रं? आन् कवापतूर? मालकांनी भाकरीचा तुकडा मोडला. ती म्हणली, द्येवाला नवस बोलतोस तवा लय नारळ दीन म्हणतोस व्हय? पाच म्हणतोस, कवा फेडणार त्येबी बोलतोस. द्येवाला येक बोली आन् धंद्याला येक?

झालं, मालकास्नी ती गोष्ट अशी लागली की उठलं ते थेट गावच्या सिद्धनाथाम्होरं गेलं, आन् बोलून आलं, म्होरल्या जत्रंच्या आत घरात दुसरा माग बसंल, तवर पायात पायताण घालणार न्हाई. म्या म्हणलं, आवं, मला तरी इचारायचं! तर म्हणलं, द्येवाला बोललोय, आता माघारी घेता येतंय व्हय?

तवा लढाईचं दिस, कापड रेशनवर, दुकानात धोतार मिळंना, म्हणून लोक घोंगड्याला इचारत व्हती. खांद्यावर गठुळं टाकायचं आन् कराडचा बाजार, पलूसचा बाजार, उन्हाळ्याच्या फुफाट्यातनं अनवाणी. टाचंला ह्या भेगा. मी एरंडाचं त्याल चोळायची आन् रडायची, आन् मालक हसायचं. पर येक सांगते, त्या वरसात माणूस बदलला. कुणी तमाशाला चल म्हणलं तर मागाचं बगायचंय, विडी दिली तर नगं, मागाचं बगायचंय. कराडचा येक व्यापारी म्हणला, सोबत माजी चादर इका, तर त्येलाबी न्हाई. आन् जत्रंच्या आत सुतारानं माग आणून बसीवला. खड्डा खांदला, नारळ फोडला, मालकांनी पायात पायताण घातलं, म्या आळीभर गूळ वाटला.

आन् हितंच घोटाळा झाला की वो! माग बसला, पर त्येला सूत कुटनं आणायचं? मी आन् आत्याबाई दिसभर चरखा फिरवायचो तवा पयल्या मागाचं कसंबसं भागायचं. आन् नव्या मागावर बसायचं कुणी? मालकास्नी हात दोनच. नवा माग तसाच रिकामा, त्येच्या खड्ड्यात आमची कोंबडी जाऊन आंडी घालाय लागली. आळीतली माणसं इचारायची, काय पाव्हणं, कोंबडीला इणाय शिकवताय का? मालक बाहीर पडायचं बंद झालं. येक दिस म्हणलं, सुताराला सांगतो, घिऊन जा तुजा माग.

म्या चरखा थांबीवला. वरीसभर त्ये पाय म्या बगितलं व्हतं. म्या म्हणलं, आवं, तुमी माग मागितला, द्येवानं माग दिला. सूत मागितलं न्हाई, इणणारा मागितला न्हाई, त्यात त्येची काय चूक? माग न्हाई जायाचा. लय दिसांनी मालक हसलं.

मग म्या ठरीवलं. नवस न्हाई, काय न्हाई. ह्या बाजारापसनं त्या बाजारापतूर आळीतलं येक घर सूत काडायला जोडायचं, बास. पयली शेजारची सखू, एकटी बाई, तिला लोकर दिली, सुताच्या बदली जवारी. तिचं सूत नीट याय लागलं तवाच दुसऱ्या घरी गेले. बाजारच्या दिशी बगायचं, सूत पुरलं का? पुरलं तर म्होरं, न्हाई तर हितंच थांबायचं. मालकास्नी दम निघंना, म्हणायचं, येकदम समद्या आळीला सांग की. म्या म्हणलं, पुन्यांदा लय नगं.

सुताचं जमलं, पर इणणारा मिळंना, ज्येला येतंय त्येचा सोताचा माग हाय. तवा म्या म्हणलं, मी बसते.  आमच्यात बाई मागाच्या खड्ड्यात उतरलेली कुणी ऐकली न्हवती. मालक म्हणलं, लोक काय म्हणत्याल? तर आत्याबाई, द्येव तिचं भलं करू, म्हणली कशी, कोंबडी बसल्याली चालली, सून बसल्याली चालंना व्हय रं? उतरले. पयल्या घोंगड्याची कड अशी वाकडी आली की त्ये आमीच हातरलं. मग हात बसत गेला.

पर मालक बाजारात कुणाला सांगायचं न्हाईत. ह्ये कुणी इणलं म्हणून इचारलं की, घरचंच हाय. मला त्ये लागायचं, खोटं कशाला बोलू. घरचं म्हंजी कुणाचं? मला काय नाव न्हाई?

गेल्या थंडीत पलूसच्या बाजाराला मीबी गेले, म्हायेरची माणसं भेटत्यात म्हणून. तितं येक जैन शेतकरी आलं, म्हातारं, समदी त्येस्नी आण्णा म्हणत्यात. त्येंनी येक घोंगडं उचललं, गालाला लावलं, कड बोटानं चाचपली, आन् म्हणलं, गेल्या साली नेलं त्येच हाताचं हाय ह्ये, कोण इणतो त्यो? त्येला म्हणावं, हात असाच ठेव. म्या पदर वडला आन् दुसरीकडं बगाय लागले. मला ठावं की, आता मालक म्हणत्याल, घरचंच हाय.

मालकांनी माज्याकडं बगितलं. मग भर बाजारात म्हणलं, आण्णा, त्यो न्हाई, ती. ही काय हितं हुबी हाय माजी मालकीण, तिलाच सांगा.

आण्णा माज्याकडं वळलं आन् म्हणलं, बाई, हात असाच ठेव. माज्या म्हायेरची माणसं बगत व्हती. डोळं भरून आलं, तशीच घोंगड्याची घडी घालून दिली.

आता सोराज्य आलंय, आत्याबाई ऱ्हायली न्हाई, दोनी माग चालू हायत. आन् मालक बाजारात वरडत्यात, आमच्या मालकिणीच्या हातचं घोंगडं! मलाच लाज वाटती, म्या म्हणते, आवं, हळू. हळू वरडत न्हाईत. सिद्धनाथ त्येंचा आवाज असाच ठेवू दे.