गोदीवरच्या पिठ्यातलं भाषण

...नुसतं बघायला! तुमाला सांगतो, या दोन शब्दांनी दिनकररावांचा जो इस्कोट केला ना, तेवढा सात वैऱ्यांनी मिळून केला नसता! माणूस देऊळ बघतो, समुद्र बघतो, गेलाबाजार राणीची बाग बघतो. दारूचा पिठा कोण बघायला जातं हो? अन् ते बी कोण, तर आमचे दिनकरराव! सेलूच्या कापसाच्या जिनिंगात मुनीम, कपाळाला गंध, शिंदीचं मडकं दिसलं की वळसा घालून जाणार, अन् शिंदीबंदीवर बोलायला लागले की निजामाचा पोलीस-अमीनसुद्धा घोडा थांबवून ऐकणार!

तर रुईच्या गाठींसंगं ते मुंबईला गेले. बरोबर गावचाच बन्सीधर दलाल, म्हणजे मुंबई ज्याच्या खिशात! त्यो म्हणला, "दिनकरराव, गोदीजवळ एक पिठा हाय, शिडाच्या जहाजांच्या काळातला. कोण कोण कप्तान बसून गेले तिथं! चला."

"शिव शिव शिव!"

"अहो, प्या कोण म्हणायलंय? नुसतं बघायला!"

गेले की!

आत अंधार, काळीशार लाकडं, टांगलेली जहाजाची घंटा, अन् समोर एक रंगवलेली लाकडी बाई, मोठ्ठ्या डोळ्यांची... कुठल्यातरी मोडक्या जहाजाच्या नाकावरची. दिनकररावांना वाटलं, देवी! काढले जोडे अन् घातला साष्टांग दंडवत! सगळे खलाशी पोट धरून हसायलेत... आता पिठ्यात लोटांगण घातलेला माणूस कुठल्या तोंडानं बाहेर पडणार? बसले कोपऱ्यात, मान खाली. मालक गोवेकर, सभ्य माणूस. त्याला वाटलं, पाव्हणा घाबरला. "घे रे बाबा, धीर येतलो," म्हणून त्यानं पेला पुढं ठेवला.

दिनकररावांनी पेल्याकडं बघितलं. नुसतं बघायला! मग वास बघितला. मग चव बघितली... बघण्याचे प्रकार तरी किती असतात हो!

तिसऱ्या पेल्याला दिनकरराव बाकावर उभे! हातात पेला अन् तोंडात तेच सेलूचं भाषण: "बंधूंनो! या विषानं किती संसार बुडाले!" खलाशांना अक्षर कळंना, पण आवेश असा की टाळ्यांवर टाळ्या, अन् प्रत्येक टाळीला पेला भरायलेत! बन्सीधर धोतर ओढतोय, "अहो, उतरा!" तर हे गरजले, "खामोश! सभा चालू हाय!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "वा दिनकरराव, वा!"

मुंजाजी! सेलूचा मुंजाजी. पोळ्याच्या दिवशी शिंदी पिऊन मारुतीपुढं लोळला म्हणून दिनकररावांनी चपलांची माळ घालून ज्याची धिंड काढायला लावली होती, अन् त्याच दिवशी गाव सोडून जो गेला, त्यो! आता गोदीवर हमाल.

"लय चांगलं बोलता," मुंजाजी म्हणला. खोचून न्हाई हो, मनापासून! "तवा मी प्यालेलो होतो, नीट ऐकू आलं न्हाई."

दिनकररावांनी पेला खाली ठेवला. उतरायला गेले तर पायच न्हाईत जाग्यावर. मुंजाजीनं पोत्यासारखं पाठीवर घेतलं, मुक्कामी आणलं, ज्यावर वकले ते धोतर बी धुतलं. जाताना दारात घुटमळला.

"आमची धुरपता बरी हाय ना?"

मुंजाजीची बायको धुरपताबाई जिनिंगात कापूस निवडायची. दिनकरराव रोज तिच्यापुढून जायचे. बरी हाय का... कधी बघितलंच न्हाई हो! समदी मुंबई बघितली, पण...

"बरी असंल," एवढंच बोलले अन् भिंतीकडं तोंड केलं.

गावी आले ते वेगळेच. शेवटी मारुतीच्या पारावर सभा भरली, लोक म्हणले, भाषण करा. दिनकरराव उभे राहिले, हात जोडले, "मी प्यालो! भर पिठ्यात प्यालो! ज्याची धिंड काढली, त्या मुंजाजीनं मला पाठीवर आणलं! त्याला माघारी बोलवा, अन् धिंड काढायची तर माझी काढा!"

कुणाला खरं वाटंना. दिनकररावांनी बन्सीधरकडं बोट केलं, "इचारा त्याला!" बन्सीधरची बायको समोरच बसलेली. "मी? मी कुठल्या पिठ्यात?" त्यो म्हणला.

मग किशनराव पाटील उठले, डोळे पुसत. "बघा! एका दारुड्याला गावात आणायसाठी हा देवमाणूस सवताच्या अंगावर चिखल उडवून घ्यायलाय!"

"अहो, खरंच प्यालो!"

"बघा, अजून बी म्हणायलेत!"

काय करता!

मुंजाजीला आणलं. पाटलांनी त्याला पारावरच दिनकररावांच्या पायाशी वाकवलं, "धर पाय! यांच्यामुळं गाव दिसलं तुला!" दिनकरराव पाय मागं घ्यायलेत, मुंजाजी वाकायलाय, धुरपताबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडंच बघायलीय... अन् दिनकररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तर बाया म्हणायल्यात, "किती हळवं मन गं बाई!"

आता सांगा, लाजायचं म्हणलं तर माणसानं जायचं तरी कुठं?