बत्तीस मिनिटं

“काका, ‘हार्ट अटॅक : दारापासून उपचारापर्यंत सरासरी बत्तीस मिनिटं’ हा बोर्ड खरा आहे का हो?” मला विचारायची हिंमत होणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून हॉस्पिटलच्या खिडकीशी मी बेधडक विचारलं.

“शंभर टक्के! बक्षीस मिळालंय आम्हाला,” कारकून म्हणाला.

माझ्या मागच्या काकूंनी कागद पुढे सरकवला. “मग ह्यांच्या कागदावर दहा वाजता आले, असं कसं? नऊला दारात होतो आम्ही.”

“ताई, केसपेपर निघाला की आमचं घड्याळ सुरू होतं.”

“अहो, केसपेपरच्याच रांगेत तासभर उभी होते मी! हे त्या बाकावर छाती धरून बसलेले.”

“तो वेळ धरत नाहीत. म्हणून तर आकडा चांगला येतो.”

“माणूस गेला माझा. तक्रार करतेय मी. एवढंच लिहून द्या, की तो तास धरला नाही.”

“लिहून? नोकरी आहे मला.”

“उद्या म्हणाल, मी असं बोललोच नाही.”

“म्हणणारच की.”

घरी पोचल्यावर दप्तरही न उतरवता मी आईबाबांना सांगितलं, “त्या काकूंच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून मी सही करणार आहे. तो कारकून जे बोलला ते मी ऐकलंय.”