टाळ्या वाजवणारा जादूगार

“पात्र संपूर्णतः काल्पनिक असावे, खऱ्या माणसाचे अनुकरण आढळल्यास ते पुसले जाईल.” प्रत्येकाने एक पात्र लिहून मिळून गोष्ट रचायची, असा ऑनलाइन अद्भुतकथांचा खेळ खेळणाऱ्या एका मंडळाचा हा नियम. पात्रे आईबापांवाचूनच जन्मतात, असे त्याचे भाबडे गृहीतक. नांदेडच्या बसस्थानकावर भोकरच्या गाडीची वाट पाहत असताना त्या मंडळाचा व्यवस्थापक हरिओम आपल्या मामेबहिणीला, ऋतुजाला, तोच नियम ऐकवत होता.

“ऋतू, तुझा जादूगार आज पुसावा लागतो.”

“दोन वर्षं झाली लिहून राहिले मी त्याला, दादा. त्यानं काय केलं?”

“गुहेत शिरायच्या आधी तीन टाळ्या वाजवतो. ‘येऊन राहिलो महाराज, सरका जरा,’ म्हणतो. झोपलेला ड्रॅगन उठून बसतो! पोरं लई वैतागली.”

“पण सरकतो ना ड्रॅगन?”

“सरकतो. पण अर्धापूरच्या केळीत शिरताना साप सरकावा म्हणून अशा टाळ्या मामाच वाजवायचे.”

“आणि तुझा राजपुत्र? उंदीर दिसला की सिंहासनावर चढतो, तो कोण?”

“तो… काल्पनिक हाय.”

“हाव. सातवीत बाकावर चढला होता, सगळ्या वर्गानं पाहिलाय तो काल्पनिक.”

“हसू नको. मंडळाला लेखी उत्तर द्यायचं हाय. तू सांग, जसंच्या तसं लिहितो.”

“लिही. ‘हाव, तो माझा बापच हाय. तो गेल्यापासून आमच्या केळीत टाळी वाजली न्हाई, म्हणून गुहेत वाजवून राहिले.’”