बर्फातल्या फ्लॅटची तपासणी

परदेशात फ्लॅट घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी माझं ऐका. गेल्या जानेवारीत मी जॉर्जियात, बर्फाच्या डोंगरावर एक फ्लॅट घेणारच होतो. दुबईच्या उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहायचं, एवढाच विचार. पण सही करायच्या आधी अश्विनीने, म्हणजे माझ्या बायकोने, हट्टाने तिथल्या एका इन्स्पेक्टर बाईंना तपासणीला पाठवलं. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या आमच्या हॉलमध्ये बसून आम्ही व्हिडिओ कॉलवर बघत होतो.

छप्पर ठीक, बाल्कनी ठीक. मग बाईंनी बाथरूमचा नळ सोडला, तर थेंबही आला नाही.

"पाणी बंद आहे का?" मी विचारलं.

"नाही, पाइपात गोठलंय. बंद घरात असंच होतं."

"आम्ही फक्त उन्हाळ्यात येणार."

"तरी हिवाळाभर हीटर चालू ठेवावा लागेल. नाहीतर पाइप फुटतील."

"आम्ही नसताना?"

"हो, तुम्ही नसतानाच."

कॉल संपल्यावर मी म्हणालो, "ठेवू की हीटर चालू. त्यात काय."

अश्विनी शांतपणे म्हणाली, "आपण सुट्टीत पुण्याला जातो, तेव्हा भिंतींना बुरशी धरू नये म्हणून इथे एसी चालू ठेवतो. आता तिथे हीटर. दोन्ही घरं मजेत राहतील. आपण कुठे राहायचं तेवढं ठरव."

मी फ्लॅटच्या एजंटला फोन लावला आणि म्हटलं, "हबीबी, खलास."