याला म्हणायचं बिनतारी!

...आणि याला म्हणायचं बिनतारी! नाही, तुम्हीच सांगा, मी शाळेची पायरी चढलेलो नाही, सगळं आयुष्य बसवनगुडीत शिलाई मशीनवर गेलं, पण दोरा कशाला म्हणतात एवढं तर मला कळतं ना? गच्चीवरून खाली एक तार, तिथून भिंतीत दुसरी, भिंतीतून त्या डबीत आणखी एक, डबीतून प्लगात परत निराळी... मी चष्मा पुसून पुसून बघतोय. त्या नेट बसवायला आलेल्या मंजुनाथला म्हटलं, "बाबा रे, यात बिनतारी ते कुठं आहे?" तर म्हणतो, "अण्णा, इथपर्यंत तार. इथून पुढं हवेतून." हवेतून! बरं बाबा, हवेतून तर हवेतून.

तुम्हाला सांगतो, मी सावकाश बोलणारा माणूस आहे, घाई करू नका. आम्हाला काय करायचं होतं हो नेट? मी आणि सोयराबाई, दोघं म्हातारी. मुलगा यशोवर्धन सुनेला घेऊन मस्कतला गेला, आम्हाला या सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेला, इतक्या वर की खालचा भाजीवाला बोंबलतो तेव्हा वर नुसतं त्याचं तोंड हलताना दिसतं. दिवसभर बोलणार कुणाशी? मग नात आली, दिव्यश्री. म्हणाली, "अज्जा, मी आता तुमच्याकडेच राहणार." तुम्हाला काय सांगू! सोयराबाईनं त्या दिवशी नुसत्या आनंदात भातात दोनदा मीठ घातलं.

आता पोरीचं ऑफिस हेब्बाळच्या पलीकडे. इथून हेब्बाळ म्हणजे काय, कळतं ना? सकाळी निघालेला माणूस पोचेपर्यंत डब्यातलं दही आंबतं! तिला घरून काम करायची मुभा होती, पण त्यांची कुणी चंदना मॅडम आहे, ती म्हणाली, "दिव्यश्री, घरी नेट नीट असेल तर राहा, नाहीतर ऑफिसला ये." ऑफिसला ये म्हणजे तिकडेच कुठल्या तरी पीजीत खोली घे. म्हणजे आम्ही परत दोघं, आणि समोर टीव्ही. म्हणून नेट! म्हणून मंजुनाथ!

मंजुनाथनं ड्रिल काढलं मात्र, सोसायटीचे सेक्रेटरी विश्वेश्वर लिफ्टमधून धावत! "नो नो नो अंकल! ड्रिल नाही! पेंट आत्ताच झालाय!" अहो, माझ्या घराची भिंत... "भिंत तुमची, पेंट सगळ्यांचा!" बिल्डरनं जिथं भोक ठेवलंय तिथूनच तार घ्यायची म्हणे. आणि बिल्डरनं भोक कुठं ठेवलंय? आमच्या देव्हाऱ्याच्या मागे! पूर्वेचा कोपरा, म्हणून सोयराबाईनं देव तिथंच मांडलेले. मंजुनाथ डोकं खाजवत म्हणाला, "अण्णा, स्वल्प अड्जस्ट माडी." माडलं अड्जस्ट! आमच्या तुळजाभवानीच्या टाकाशेजारी ती शिंगं असलेली पांढरी डबी बसली. सोयराबाईनं तिला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, घरात नवं यंत्र आलं की करतातच. मंजुनाथनंही हात जोडले. "आयतु अण्णा! झालं! नेट फुल इदे!"

फुल! दिवसभर फुल! पोरगी खोलीत लॅपटॉप मांडून बसली, दार लोटलं, मी बाहेर पेपरातली चित्रं बघत बसलो. संध्याकाळी अमेरिकेची माणसं उठतात, तेव्हा तिची मोठी मीटिंग. मीटिंग सुरू झाली, पोरगी गोड आवाजात "गुड मॉर्निंग एव्हरीवन" म्हणाली... म्हणजे बाहेर काळोख आणि ही म्हणते गुड मॉर्निंग, असो... आणि फट्! गेलं! पोरगी बाहेर आली, चेहरा एवढासा. "अज्जा, नेट गेलं."

कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई अगदी मुरंब्यासारख्या आवाजात म्हणते, "सर, डबीवरचा दिवा लाल आहे की हिरवा?" मी म्हटलं, "ताई, थांबा हं, बघतो," आणि देव्हाऱ्याकडे गेलो तर सोयराबाई आडवी आली. "अहो, काय करताय? शेजारती झाली, देव झोपले. पडदा उघडायचा नाही. सकाळी बघा!" बरोबर आहे. माझ्या आईपासूनची रीत आहे ती. मी त्या ताईंना सांगितलं, "देव झोपलेत, सकाळी सांगतो." ताईनं खटाखट काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "ओके सर, तुमची तक्रार नोंदवली आहे."

सकाळी बघतो तर हिरवा! फुल!

संध्याकाळी परत फट्! मंजुनाथ आला तो दुपारी. फुल! तार बदलली, डबी बदलली, लॅपटॉप उलटा करून झटकला. "अण्णा, सरी, सगळं ठीक आहे. लॅपटॉपच म्हातारा झालाय." मी म्हटलं, "बाबा, म्हातारा मीही झालोय, पण मी रोज संध्याकाळी मीटिंगच्या वेळेला बंद पडत नाही." शेजारची नयना म्हणाली, "अंकल, संध्याकाळी सगळी बिल्डिंग पिक्चर बघते, म्हणून तुमची हवा कमी पडते." आता हवासुद्धा कमी पडायला लागली! आणि याला म्हणायचं बिनतारी!

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. आम्हाला नाही ना कळलं! तिकडे चंदना मॅडमनं शेवटचं बजावलं, "अजून एकदा तुटलं तर तू ऑफिसला ये." पोरीनं बॅग खाली काढून ठेवली. नुसती काढून ठेवली, भरली नाही. पण त्या रिकाम्या बॅगेकडे बघून सोयराबाईनं ताट बाजूला सारलं.

मग मी ठरवलं, आपल्याला शिक्षण नाही, पण बसून बघता येतं. संध्याकाळी पाट घेतला आणि देव्हाऱ्यासमोर बसलो. दिवा हिरवा. आत पोरगी म्हणाली, "गुड मॉर्निंग." दिवा हिरवा. सोयराबाई आली, आरती झाली, देवांना दूध दाखवलं, पडदा ओढला, बांगड्या वाजल्या, हात पडद्यामागे गेला आणि... टक्!

आतून पोरीचा आवाज, "अज्जा!"

"सोयराबाई," मी म्हटलं, अगदी हळू, "तू आत्ता काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? देवांचं बटण बंद केलं. ती डबी लुकलुक लुकलुक करते, झोप लागेल का देवांना? रोज करते, सकाळी परत लावते."

"अगं, पोरीचं नेट त्याच डबीतून जातं."

"तिचं नेट तिच्या कॉम्प्युटरात आहे ना? त्या मंजुनाथनंच सांगितलं, हवेतून येतं!"

मीही तेच समजत होतो. मग तिलाच उमगलं आणि ती पाटावर माझ्याशेजारी येऊन बसली. "म्हणजे अहो, मीच पोरीला घराबाहेर काढत होते?" ती उठली, बटण चालू केलं, पडदा सरकवला, पदर पसरला. "आई, पोरीची नोकरी आहे गं. तिची मीटिंग होईपर्यंत जागी राहा. मीही बसते तुझ्याजवळ." आणि बसली की खरंच!

हिरवा दिवा लागला. आत पोरगी बोलतेय, थांबत नाही, तुटत नाही, इंग्रजी नुसतं नळासारखं वाहतंय, मध्ये हसलीसुद्धा. आम्ही दोघं देवांबरोबर जागे. मी सोयराबाईला म्हटलं, "राहिली बघ पोरगी."

पोरगी बाहेर आली. लॅपटॉप हातातच. म्हणाली, "अज्जी, नेट एकदम मस्त होतं गं आज." आणि मग म्हणाली, "ऑफिसचा मेल आलाय. सगळ्यांनी सोमवारपासून ऑफिसला यायचं. घरून काम बंद. सगळ्यांचंच."

सोयराबाई म्हणाली, "तो मेल उद्या सकाळी आला असता तर चाललं नसतं का गं?"

सोमवारी पोरगी बॅग भरून गेली. दुपारी मंजुनाथचा फोन. "अण्णा, नेट कसं आहे? आता येतंय ना सगळं?"

मी म्हटलं, "हो बाबा. जे यायचं होतं ते सगळं आलं. कुठेही अडकलं नाही."

तो म्हणाला, "सरी अण्णा, तक्रार बंद करतो."

मी म्हटलं, "कर."