भोक कुणी बुजवायचं

पॅकिंग खात्याच्या शेजारच्या खोलीत मोटर पेटली, धूर पॅकिंगमध्ये कोंडला आणि त्यात आपली बायको गेली, हे त्याला कारखान्याच्या गेटवरच कळलं होतं. आज तिचा डबा न्यायला तो त्याच गेटवर, पासाच्या रांगेत उभा होता. पुढे गवंडी आणि वायरमन भांडत होते.

“केबली ओढायला पॅकिंगची भिंत तू फोडलीस, वायरमन. धूर आत गेला ते भोक तुझं.”

“वा रे मिस्त्री! उद्या थापीही मीच धरू का?”

“मग हाक मारायचीस. मी खालीच नव्या मशीनचा चौथरा बांधत होतो.”

“मारली की! तू म्हणालास, अजून केबली यायच्यात, सारखं कोण बुजवत बसणार?”

“हात झटकू नकोस. त्यात गोणपाट कुणी कोंबलं?”

“मी! मुकादम डोक्यावर बसला होता, मशीन सोमवारी सुरू झालंच पाहिजे म्हणून.”

“अरे, गोणपाटाने आग अडते का? ते तर आधी पेटतं!”

“एवढं कळत होतं तर बोलला का नाहीस? रोज तिथूनच जायचास.”

“माझं काम नव्हतं ते.”

“आता बुजवलंत का?” त्याने मागून विचारलं.

दोघे वळले. “तुम्ही कोण, काका?”

“पॅकिंगमध्ये गेली, तिचा नवरा.”

गवंडी खाली बघू लागला. “याच्या केबली झाल्या की लगेच बुजवतो, काका.”

“माझ्या कधीच झाल्यात!”

तो डबा घ्यायला आत गेला. पॅकिंगला दुसऱ्या बायका बसल्या होत्या. भिंतीतलं भोक बुजवायचं राहिलंच होतं.