जबाब वाचून दाखवला

बाबा: ...आणि बाकावर सगळे ओळीनं बसलेले. पस्तीस वर्षांत ज्यांचे ज्यांचे जबाब लिहून घेतले, ते सगळे.

लेक: आत्ता डुलकीत?

बाबा: डुलकी कसली, ठाण्यातच होतो मी. दुपारचं ऊन, पंखा गरगरतोय, कुणी बोलत नाही. मी एकेकाला त्याचा जबाब वाचून दाखवतोय. ऐकून झालं की माणूस उठायचा आणि सरळ भिंतीतून बाहेर पडायचा.

लेक: इतक्या सहज? कोठडीतल्यांना कळलं असतं तर!

बाबा: कर, थट्टा कर. शेवटी एकटी घड्याळवाल्याची बायको उरली.

लेक: ही कोण आता?

बाबा: नवरा हरवला म्हणून आली होती. घड्याळं दुरुस्त करायचा तो. सत्तरीचा, विसरभोळा. ती म्हणाली, "साहेब, वाट चुकलेत हो ते." मी लिहिलं, "घर सोडून गेला."

लेक: एका शब्दाचं काय एवढं?

बाबा: अगं, आपल्या पायांनी गेलेल्याला कोण शोधतं? कागद कपाटात गेला. नवव्या दिवशी सापडला म्हातारा. दोन गल्ल्या पलीकडे, बंद गोदामात. संपलं होतं सगळं.

लेक: आणि तिनं त्यावर सही केली?

बाबा: अंगठा. वाचता येत नव्हतं तिला. मी खाली ठोकून दिलं, "वाचून दाखवला, बरोबर आहे." वाचून दाखवलाच नव्हता गं. तुझं शाळेत नाटक होतं. तू झाड झाली होतीस.

लेक: आला होतात तुम्ही. पहिल्या रांगेत, गणवेशातच. किती मिरवलं होतं मी!

बाबा: ती बाई मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.



लेक: चहा टाकते.

बाबा: नको. वही घे, माझा जबाब लिही. परवा दूध आणायला तासभर लागला ना मला?

लेक: मित्र भेटला म्हणालात.

बाबा: कुणी भेटलं नव्हतं. चौकात उभा होतो. जन्मभर गस्त घातली त्याच चौकात. चारही रस्ते सारखेच दिसायला लागले. इतकं शांत होतं, स्वप्नासारखं, भीतीसुद्धा वाटली नाही. घरी आल्यावर वाटली.

लेक: अहो बाबा, मला का नाही सांगितलंत? डॉक्टरकडे जायला हवं.

बाबा: जाऊ, उद्याच जाऊ. आधी लिही. एखाद्या दिवशी परत आलो नाही, तर ठाण्यात 'घर सोडून गेले' लिहू द्यायचं नाही.

लेक: काहीतरीच काय बोलता!

बाबा: लिही म्हणतो ना! 'वाट चुकले.' रागावून नाही, कंटाळून नाही. त्यांना घरी यायचं आहे.

लेक: ...लिहिलं.

बाबा: आता वाचून दाखव.

लेक: "माझे वडील वाट चुकले आहेत. रागावून नाही, कंटाळून नाही. त्यांना घरी यायचं आहे."

बाबा: बरोबर आहे. आण, सही करतो.

लेक: थांबा, माझी एक ओळ राहिली. "मी वाट बघते आहे."

बाबा: तेवढंच पुन्हा वाच.